चहात पाव चमचा साखर कमी मिळणेबाबत

आपल्याच मरणाची बातमी आपल्याच कानांनी ऐकायचा योग फार थोड्यांच्या नशिबी येतो. माझ्या आला. सकाळी अकराच्या सुमाराला, ऑफिसच्या जिन्यात, हातात सफरचंद असताना. वरच्या वळणावर दोघेजण उभे होते, लेखा शाखेतले. एक म्हणाला, "नकाशा विभागातल्या दोन नंबरच्या टेबलाचं कळलं का? कायमचं दुखणं आहे म्हणे." दुसरा म्हणाला, "अरेरे. तरीच वाळलेत." नकाशा विभागात दोन नंबरच्या टेबलावर चोवीस वर्षं मीच बसतो. मी जिन्यात खालीच बसलो. सफरचंद मात्र हातातून सोडलं नाही, कारण अकरा वाजताचं फळ हा माझा पाचव्या आठवड्याचा बदल होता आणि मी शब्दाचा पक्का आहे.

आणि हे सगळं कशामुळे? तर पाव चमचा साखरेमुळे. चमचा चहाचा, तोही सपाट भरलेला.

झालं असं की साडेतीन महिन्यांपूर्वी बायकोने मला आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नेलं म्हणजे मी चपला शोधत होतो तोवर ती रिक्षात बसलीसुद्धा होती. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. आजार काही नव्हता. वजन एक्क्याऐंशी किलो होतं, आणि पोट माझ्याआधी दारातून आत येत होतं, इतकंच. मी मनाची तयारी करून आलो होतो. आता हे बंद, ते बंद, उकडलेलं खा, असं काहीतरी ऐकावं लागणार. पण बाई म्हणाल्या, "काहीही बंद करायचं नाही. बंद म्हटलं की माणूस चोर होतो. आठवड्याला एकच बदल करा, आणि तो इतका लहान करा की जिभेला कळता कामा नये."

मला ही बाई देवमाणूस वाटली.

घरी सगळं सुरळीत लागलं. पहिल्या आठवड्यात चहातली साखर पाव चमचा कमी. दुसऱ्या आठवड्यात आधी भाजी संपवायची आणि मग भाताकडे बघायचं. तिसऱ्या आठवड्यात बायकोने बिस्किटांचा डबा कपाटाच्या वर नेऊन ठेवला. बिस्किटांना मनाई नव्हती, फक्त दर बिस्किटाला स्टूल आणून चढायचं आणि उतरायचं. मी आळशी माणूस आहे हे तिला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे, त्यामुळे सहाची दोन बिस्किटं कधी झाली हे मलाही कळलं नाही. चौथ्या आठवड्यात ताट थोडं लहान आलं. बायको शाळेत गणित शिकवते, तिने ताटांचे व्यास मोजून फळ्यावर मांडतात तसा एक तक्ताही केला होता. मला उपाशी वाटलं का? अजिबात नाही. पोट भरत होतं, तोंडाला चव होती, आणि घरात भांडण नव्हतं. एवढं सुख माणसाला लाभलं की समजावं, पुढे काहीतरी वाढून ठेवलंय.

ते ऑफिसात वाढून ठेवलं होतं.

आमच्या ऑफिसच्या उपाहारगृहात एकाच पातेल्यात एकशेचाळीस माणसांचा चहा होतो. दूध, पत्ती, साखर सगळं एकदमच उकळतं. पहिल्याच आठवड्यात मी आचाऱ्यांकडे गेलो. चांगला उंचनिंच, पहाडासारखा माणूस. म्हटलं, "माझ्या कपात साखर पाव चमचा कमी घाला." ते पळी खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "तोंडी नको. लेखी द्या. उद्या चहा फिका लागला म्हणून कोणी तक्रार केली, तर माझ्या अंगावर यायचं."

आता कोणीही शहाणा माणूस इथून परत फिरला असता. पण मी सरकारी माणूस. लेखी द्या म्हटलं की मला बरं वाटतं. तोंडी सांगितलेली गोष्ट आमच्या खात्यात झालीच असं धरत नाहीत. जमिनीची हद्द असो की चहाची साखर, कागदावर आली की माणूस निवांत झोपतो. मी तिथल्या तिथे 'विशेष आहार' नावाचा छापील अर्ज मागून घेतला.

अर्जात 'कारण' असा रकाना होता आणि त्यापुढे तीन चौकोन: आजार, शस्त्रक्रिया, बाळंतपण. यांपैकी एकावर खूण करणं सक्तीचं होतं. मी बराच वेळ विचार केला. शस्त्रक्रिया झाली नव्हती. तिसऱ्या चौकोनाकडे मी नुसतं बघितलं. राहता राहिला आजार. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून तिथे खूण केली. खाली विचारलं होतं, 'तात्पुरता की कायमचा?' मी म्हटलं, सवय लावायची तर ती जन्मभराची, चार दिवसांचं हे खूळ नाही. आणि मोठ्या अभिमानाने 'कायमचा' या शब्दाभोवती गोल काढला. दोन वेळा काढला, ठळक दिसावा म्हणून.

आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. पण दोनदा पाडून घेणारा मी एकटाच असेन.

मंजुरी येईपर्यंत मी ऑफिसात पाऊणच कप चहा घेत राहिलो. अर्ज उपाहारगृह समितीकडे गेला, समितीची बैठक भरायला सहा आठवडे लागले, बैठकीत ठरलं की आजार हा विषय आपल्या कक्षेत येत नाही, आणि कागद आस्थापना शाखेकडे रवाना झाला. मला याचा पत्ताच नव्हता. मी वजनाच्या काट्यावर खूश होतो. चार किलो उतरलं होतं. आमच्या वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी राहतात, त्यांनी माझ्या पँटी कमरेत दीड-दीड इंच आत घेतल्या. माझी छाती फुगली. मावशींनी मात्र टेप गळ्यात अडकवून जिन्यात जी भेटेल तिला सांगितलं, "दीड इंच गेले हो. माणूस हातातून चाललाय."

तळमजल्यावरचे काका हवामान खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी मला फाटकात अडवलं, माझ्या चेहऱ्याकडे आभाळाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाले, "लक्षणं आहेत. पण अजून नक्की काही सांगता येणार नाही."

"कसली लक्षणं, काका?"

"तेच सांगता येत नाही," ते म्हणाले. "सावध राहा. आणि भोपळा सोडून सगळं खा." भोपळा का सोडायचा, ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

आणि मग आस्थापना शाखेतल्या बाईंनी मला बोलावलं. या बाई चोवीस वर्षांत माझ्याशी एकदाही गोड बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी स्वतः उठून त्यांनी मला खुर्ची दिली. "बसा. पाणी घ्या. घरी सगळे धीराचे आहेत ना?" माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमचे विभागप्रमुख या महिनाअखेरीला निवृत्त होत होते, आणि त्यांच्या जागी माझं नाव वर गेलं होतं. ती जागा पुन्हा रिकामी होईल तेव्हा मी स्वतः निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली असतील. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. माझे वडील दोन नंबरच्या टेबलावरूनच निवृत्त झाले होते. शेवटच्या दिवशी घरी आल्यावर ते म्हणाले होते, "हात टेकायला हात असलेली खुर्ची मिळाली असती तर बरं झालं असतं." बस, एवढंच. पुन्हा त्यांनी त्याबद्दल कधी ब्र काढला नाही. पण माझ्या मनात ती खुर्ची तेव्हापासून घर करून बसली आहे, हे मी बायकोलाही नीट सांगितलेलं नाही.

बाई म्हणाल्या, "पदोन्नतीच्या फायलीत कायमचा आजार आला, तर फाइल वैद्यकीय मंडळाकडे जाते."

"अहो, पण मला आजार नाही."

"मग तुम्ही सरकारी अर्जात खोटी माहिती दिली, असं लिहू का?"

आजारी म्हणावं तर खुर्ची जाते, आजारी नाही म्हणावं तर नोकरी. मी पाणी प्यायलो. त्यांनी दुसरा पेला भरला.

जिन्यात बसलो होतो तो त्याच्या दुसऱ्या दिवशी. बातमी माझ्याआधी चारही मजले चढून आली होती. आमच्या विभागात माझ्या हाताखाली एकजण आहे, त्याला सगळे 'पटकन' म्हणतात, कारण कोणतंही काम सांगितलं की तो "पटकन करतो" म्हणतो. नकाशाचं प्रमाण कसं वाचायचं ते त्याला मीच शिकवलं. माझ्यामागे त्याचा नंबर. त्या दिवसापासून तो मला नकाशाची गुंडाळीसुद्धा उचलू देईना. "तुम्ही बसा, दादा. मी पटकन आणतो." आणि गुंडाळी घेऊन येताना प्रमुखांच्या खुर्चीवरून त्याची नजर अशी फिरून यायची की मला दरदरून घाम फुटायचा. दोष तरी कसा द्यायचा? मीही ती खुर्ची चोवीस वर्षं त्याच नजरेने बघत आलो होतो.

वैद्यकीय मंडळात तिघे होते. मधले अध्यक्ष चांगले भरदार, टेबलाला पोट टेकवून बसलेले. उजवीकडच्या डॉक्टरांनी माझ्या दरवर्षीच्या तपासणीचा कागद पुढे ओढला.

"एक्क्याऐंशीचे सत्त्याहत्तर. जेवण जातं का?"

"उत्तम जातं. पोटभर जेवतो."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "व्यायाम?"

"स्टुलावर चढतो."

त्यांनी तेही लिहून घेतलं. मी आमच्या डॉक्टरीणबाईंचं पत्र काढून दिलं. त्यात त्यांनी बिचारीने चांगल्या मनाने लिहिलं होतं, 'प्रकृती सुधारत आहे.' अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं. "सुधारत आहे, म्हणजे बिघडलेली होती."

पोटभर जेवून, आनंदात राहून वजन उतरतं, हे त्या तीन शिकल्यासवरल्या माणसांच्या गळी काही केल्या उतरेना. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "आठ दिवसांनी पुन्हा वजन करू. पूर्ववत झालं तर ठीक. नाहीतर सहा महिने निरीक्षणाखाली." सहा महिन्यांनी त्या खुर्चीत 'पटकन' बसलेला असणार होता.

मी घरी आलो आणि बायकोला म्हटलं, "आठ दिवसांत चार किलो वाढवायचंय. डबा खाली काढ."

तिने डबा काढला नाही. मीच स्टुलावर चढलो. येताना बेकरीतून केक आणला होता, तोही उघडला. चहात तीन चमचे साखर घातली. आणि मग जे झालं त्याने मी अक्षरशः हादरलो. तो चहा मला पिववेना. जिभेवर पाक ओतल्यासारखं वाटलं. केकचा दुसरा तुकडा घशात अडकला. तिसऱ्या बिस्किटाला पोटाने साफ हात वर केले. ज्या माणसाने एकेकाळी अख्खा डबा क्रिकेटच्या एका सामन्यात संपवला, तो बिस्किटासमोर रडकुंडीला आला होता. मी डॉक्टरीणबाईंना दुवा दिला होता, तो मनातल्या मनात परत घेतला. जिभेला कळता कामा नये म्हणाल्या होत्या. जिभेला कळलं नव्हतं, पण मलाही कोणी कळवलं नव्हतं.

चार दिवस मी असं झगडलो. पाचव्या दिवशी बायको समोर येऊन बसली. "अहो, पुरे. तीन महिने मी एकेक वाटी मोजून तुम्हाला माणसात आणलं. आता त्या खुर्चीसाठी सगळं वाया घालवणार? मला तुम्ही साहेब झालेले नकोत. मला तुम्ही हवे आहात."

यावर माणसाने काय बोलावं? मी म्हणालो, "तुला नाही कळायचं." इतकं मूर्ख वाक्य मी लग्नानंतर दोनतीनदाच बोललो आहे. ती उठून आत गेली आणि तक्ता भिंतीवरून काढून ठेवला. मला फार वाईट वाटलं. पण माफी मागायला गेलो नाही, कारण तोंडात केक होता.

सातव्या दिवशी धान्याच्या दुकानातल्या काट्यावर उभा राहिलो. साडेशहात्तर. काळजीने अर्धा किलो आणखी उतरलं होतं.

आमच्या विभागात जुने नकाशे गुंडाळून ठेवलेले असतात. टेबलावर पसरले की ते पुन्हा आपले आपण वळतात, म्हणून चार कोपऱ्यांवर ठेवायला शिशाची वजनं असतात. कापडात शिवलेली, एकेक किलोची, बसकी, खिशात मावतील अशी. आता तुम्हाला कळलंच असेल. मलाही आठव्या दिवशी सकाळी कळलं तेव्हा माझा मीच थक्क झालो. चोवीस वर्षांत ऑफिसची टाचणी घरी न नेलेला माणूस मी. दोन वजनं उजव्या खिशात, दोन डाव्या, आणि वरून सैल सदरा.

मावशींनी पँट आत घेतली होती म्हणून ती कशीबशी कमरेवर टिकली. तरी मंडळाच्या दारापर्यंत मी दोन्ही कोपर पोटाशी दाबून, गुडघे न वाकवता गेलो. काट्यावर उभा राहिलो. साडेऐंशी. माझा जीव भांड्यात पडला.

पडला तो लगेच परत उडाला. अध्यक्ष उभे राहिले होते. "आठ दिवसांत साडेतीन किलो?"

उजवीकडचे म्हणाले, "चाल बघितली का? गुडघे वाकत नाहीत."

डावीकडच्या डॉक्टर म्हणाल्या, "पाणी साठतंय. यांना आजच दाखल करा." आणि त्यांनी घंटी दाबली. एक परिचारिका चाकाची खुर्ची घेऊन आली. मी आयुष्यभर हात असलेल्या खुर्चीसाठी तळमळलो, ती अशी समोर आली. "पँट वर घ्या," अध्यक्ष म्हणाले, "पायांची सूज बघू."

पँट वर घ्यायला मी हात सोडले आणि पँट खाली निघाली.

पुढे लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एका हाताने पँट धरून मी दुसऱ्या हाताने एकेक वजन काढलं आणि टेबलावर ठेवलं. एक, दोन, तीन, चार. माझे डोळे भरून आले होते आणि रागही आला होता, कोणाचा ते कळत नव्हतं. मी म्हणालो, "मला काहीही झालेलं नाही. मी चहात पाव चमचा साखर कमी मागितली. अर्जात तीनच चौकोन होते. मी बाळंतपण लिहायला हवं होतं का?"

अध्यक्षांनी माझा मूळ अर्ज काढला, चष्मा पुसला. "पण 'कायमचा' असं का लिहिलं?"

"सवय कायमचीच हवी ना, साहेब."

डावीकडच्या डॉक्टरांनी तोंडाला रुमाल लावला. अध्यक्षांनी परिचारिकेला चाकाची खुर्ची घेऊन जायला सांगितलं, दार लावून घेतलं, आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "त्या डब्याचं सांगा जरा. स्टूल साधारण किती उंच?" मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, पण माझ्या कागदावर नाही, स्वतःच्या वहीत.

घरी जाऊन मी बायकोसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, पँटसकट. ती हसली नाही. तक्ता पुन्हा भिंतीवर लावला आणि मग आत जाऊन हसली. मला बाहेर ऐकू येत होतं.

मंडळाचा अहवाल दोन परिच्छेदांचा आला. पहिला: कर्मचारी ठणठणीत आहे, पदोन्नतीस हरकत नाही. दुसरा: सरकारी मालकीची चार शिशाची वजनं परवानगीशिवाय इमारतीबाहेर नेल्याबद्दल संबंधित कर्मचाऱ्याकडून विभागप्रमुखांनी खुलासा घ्यावा व योग्य ती समज द्यावी.

एक तारखेला मी प्रमुखांच्या खुर्चीत बसलो. दोन्ही हात दोन्ही हातांवर टेकले. वडिलांची आठवण आली आणि दोन मिनिटं मला काही दिसेना. मग डोळे पुसून पहिली फाइल उघडली. ती माझीच होती.

आता ज्याच्याकडून खुलासा घ्यायचा तो मी, आणि घेणाराही मी. आस्थापनेच्या बाईंना विचारलं, तर त्या पुन्हा जुन्या आवाजात म्हणाल्या, "नियमात सूट नाही. समज साक्षीदारासमोर द्यायची." म्हणून मी माझ्या नावे नोटीस काढली, तिची पोच दिली, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन खुलासा लिहिला, आणि अलीकडे येऊन वाचला. खुलासा मला पटला नाही. पटकनला साक्षीदार म्हणून बोलावलं. तो दारापाशी हात बांधून उभा राहिला.

मी समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून समज द्यायला सुरुवात केली. आधी जमेना, मग जमायला लागलं. चोवीस वर्षांच्या नोकरीला काळिमा फासलात, म्हणालो. ज्या बायकोने वाट्या मोजल्या तिला 'तुला नाही कळायचं' म्हणालात. एका खुर्चीपायी तब्येत पणाला लावलीत. लाज नाही वाटली? माझा आवाज चढत गेला, बोट हलायला लागलं, कान गरम झाले. साहेब म्हणून मी इतका कडक निघेन याची मला कल्पना नव्हती.

पटकन हळूच दोन पावलं पुढे आला. चोवीस वर्षांत मला कोणी मारली नव्हती ती हाक त्याने मारली.

"साहेब, जाऊ द्या आता. मी ओळखतो त्यांना. माणूस चांगला आहे."

मग मी त्याला सोडून दिलं.